सभागृहात मांडले, तरच उत्तर मिळते

लग्नाची दावत असो, हज यात्रेकरूंचा निरोप असो की मयतीच्या घरी पुरसा द्यायचा असो, आमदार आले की मंडपात आपोआप जागा होते. "आमदारसाहेब आपल्या सुखदुःखात येतात," ही आपल्याकडे मोठी शाबासकी समजली जाते. रस्ता, नाली, कब्रस्तानची संरक्षक भिंत, शादीखान्याची दुरुस्ती यांसाठी आपण त्यांच्याकडे अर्ज घेऊन जातो. यात गैर काही नाही. पण ज्या कामासाठी आपण त्यांना निवडून देतो ते काम मुंबईच्या विधानभवनात आणि हिवाळ्यात नागपुरात चालते. तिथे आपल्या जिल्ह्याबद्दल काय विचारले गेले आणि काय विचारायचे राहून गेले, यावर घरात सहसा बोलणे होत नाही.

आठवीच्या नागरिकशास्त्रात राज्यशासनाचा पाठ आहे. मुले २८८ आणि ७८ हे आकडे परीक्षेसाठी पाठ करतात आणि परीक्षा संपली की विसरतात. या आकड्यांमागे काय चालते आणि त्याचा आपल्या चुलीशी काय संबंध, हे मोठ्यांनीही एकदा समजून घ्यायला हवे.

दोन सभागृहे

उर्दू अखबारात ज्यांना 'असेंब्ली' आणि 'कौन्सिल' म्हणतात, त्याच मराठीतल्या विधानसभा आणि विधानपरिषद. दोन्ही मिळून विधिमंडळ होते. राज्यपाल सभागृहात बसत नसले, तरी राज्यघटनेनुसार तेही विधिमंडळाचा भाग असतात.

विधानसभेत २८८ सदस्य असतात. त्यांना आपण थेट मतदान करून पाच वर्षांसाठी निवडतो. यातील २९ जागा अनुसूचित जातींसाठी व २५ जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. आपल्या बीड जिल्ह्यातून सहा आमदार जातात: गेवराई, माजलगाव, बीड, आष्टी, केज आणि परळी. त्यांपैकी केज हा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. उमेदवाराचे वय किमान २५ वर्षे लागते.

विधानपरिषदेत ७८ सदस्य असतात. देशात फक्त सहा राज्यांत हे दुसरे सभागृह आहे: महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगणा, आंध्र प्रदेश, उत्तर प्रदेश आणि बिहार. इथे वय किमान ३० वर्षे लागते. मुदत सहा वर्षांची असते आणि दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. त्यामुळे विधानसभा विसर्जित होते, परिषद कधी विसर्जित होत नाही.

या ७८ जागा पाच वाटांनी भरतात. ३० सदस्यांना विधानसभेचे आमदार निवडतात. २२ सदस्यांना जिल्हा परिषद, नगरपालिका, महानगरपालिका यांचे सदस्य निवडतात. बीड, लातूर आणि धाराशिव मिळून असा एक मतदारसंघ आहे. ७ सदस्य पदवीधर निवडतात आणि ७ सदस्य शिक्षक निवडतात. उरलेल्या १२ जणांची नेमणूक राज्यपाल करतात. साहित्य, विज्ञान, कला, सहकार आणि समाजसेवा या क्षेत्रांतील जाणकार सभागृहात यावेत, हा त्यामागचा हेतू. या १२ जागा २०२० नंतर चार वर्षे रिकाम्या राहिल्या आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांपैकी सात भरल्या गेल्या.

आपल्या जिल्ह्याने हे सगळे तसे उशिरा पाहिले. मुंबई प्रांतात १९३७ पासून दोन सभागृहे होती. बीड तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. १७ सप्टेंबर १९४८ नंतर चित्र बदलले. १९५२ मध्ये इथल्या माणसांनी पहिल्यांदा हैदराबाद राज्याच्या विधानसभेसाठी मतदान केले. ती विधानसभा एकाच सभागृहाची आणि १७५ जागांची होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. म्हणजे आपल्या घरातील सर्वांत वडीलधाऱ्या माणसांनी एका हयातीत निजामाची राजवट, हैदराबादची असेंब्ली आणि मुंबईचे विधिमंडळ असे तिन्ही पाहिले आहे.

सरकार आणि सभागृह

२८८ मध्ये निम्म्याहून एक अधिक, म्हणजे १४५ आमदारांचा पाठिंबा असला की बहुमत होते. मुख्यमंत्री आणि सगळे मंत्री मिळून विधानसभेच्या संख्येच्या १५ टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाहीत. महाराष्ट्रात हा आकडा ४३ होतो. मंत्रिमंडळ विधानसभेला जबाबदार असते. अविश्वासाचा ठराव विधानसभेतच येतो. परिषदेने विरोधात मत दिले म्हणून सरकार पडत नाही.

पैशाच्या बाबतीतही विधानसभेचाच शब्द अखेरचा. दरवर्षी अर्थसंकल्प दोन्ही सभागृहांत मांडला जातो, पण खात्यांच्या मागण्यांवर मतदान फक्त विधानसभेत होते. धन विधेयक परिषदेकडे गेले तर तिला १४ दिवसांत ते परत पाठवावे लागते. साध्या विधेयकावर परिषद हरकत घेऊ शकते, तरी सगळे मिळून साधारण चार महिन्यांपेक्षा जास्त ते अडवू शकत नाही. मग परिषदेचा उपयोग काय, असा प्रश्न मुले विचारतात. त्याचे उत्तर पुढे आपल्याच जिल्ह्याच्या उदाहरणातून मिळेल.

विधानसभेत अध्यक्ष आणि परिषदेत सभापती कामकाज चालवतात. कोणाला बोलू द्यायचे, कोणता प्रश्न घ्यायचा, पक्षांतर केलेल्या आमदाराला अपात्र ठरवायचे की नाही, हे निर्णय त्यांच्या हाती असतात. कामकाज चालायला एक दशांश सदस्य किंवा १० सदस्य, यांपैकी जो आकडा मोठा तेवढे सभागृहात हजर लागतात. विधानसभेत त्यामुळे २९ आणि परिषदेत १० सदस्य लागतात. याला गणपूर्ती म्हणतात. गणपूर्ती नसेल तर घंटा वाजते आणि सदस्य येईपर्यंत काम थांबते.

सरकारी बाकांसमोर विरोधी पक्षनेता बसतो. त्याला कॅबिनेट मंत्र्याचा दर्जा असतो. बीड जिल्ह्याने या पदावर दोन्ही सभागृहांत माणसे पाहिली आहेत. परळी तालुक्यातील नाथ्र्याचे गोपीनाथ मुंडे १९९१ ते १९९५ या काळात विधानसभेत विरोधी पक्षनेते होते; तेव्हा ते लातूर जिल्ह्यातील रेणापूर मतदारसंघातून निवडून येत. त्यांचे पुतणे धनंजय मुंडे २०१४ ते २०१९ या काळात विधानपरिषदेत विरोधी पक्षनेते होते. दोघांचे पक्ष वेगळे होते. सरकारला प्रश्न विचारण्याचे पद मात्र दोन्ही वेळा आपल्याच मातीत आले.

कामकाजाचा दिवस

वर्षात तीन अधिवेशने होतात: अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपुरात. नागपूरचे अधिवेशन १९५३ च्या नागपूर कराराची देणगी आहे. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांपेक्षा जास्त अंतर पडू नये, असे राज्यघटना सांगते.

कामकाजात प्रश्नोत्तराच्या तासाला फार महत्त्व आहे. उर्दूत याला 'वक्फा-ए-सवालात' म्हणतात. तारांकित प्रश्न असेल तर मंत्र्याला सभागृहात उभे राहून उत्तर द्यावे लागते आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी मिळते. अचानक एखादी गंभीर घटना घडली तर 'लक्षवेधी सूचना' देऊन मंत्र्याचे निवेदन मागवता येते. याशिवाय अर्धा तास चर्चा, औचित्याचा मुद्दा, स्थगन प्रस्ताव अशी अनेक आयुधे सदस्यांच्या हाती असतात. विधिमंडळाच्या भाषेत त्यांना आयुधेच म्हणतात.

मंत्र्याने सभागृहात दिलेले उत्तर आणि जाहीर सभेतले आश्वासन यांत मोठा फरक आहे. सभेतले बोलणे वाऱ्यावर जाते. सभागृहातले उत्तर कार्यवृत्तात छापले जाते. ते चुकीचे निघाले तर हक्कभंगाची सूचना येऊ शकते. "चौकशी करू", "तीन महिन्यांत पदे भरू" असे मंत्री बोलले की ते आश्वासन ठरते आणि ते पाळले की नाही हे पाहायला विधिमंडळाची वेगळी आश्वासन समिती असते.

एका प्रश्नाने काय झाले

बीडमधून दरवर्षी लाखो माणसे ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. एका दिवसाचा खाडा पडला तरी पैसे कापले जातात. पाळी असो, अंगावरून जात असो की ओटीपोटात दुखत असो, फडात उभे राहावेच लागते. यातून अनेक बायका तिशीच्या आत-बाहेर गर्भाशय काढून घेत होत्या. "पिशवी काढली की त्रास संपतो," असे त्यांना सांगितले जाई. गावोगावी हे सगळ्यांना माहीत होते, पण सरकारी कागदावर नव्हते.

२०१९ च्या उन्हाळ्यात वर्तमानपत्रांतून ही गोष्ट बाहेर आली आणि जूनमध्ये विधानपरिषदेत नीलम गोऱ्हे यांनी हा प्रश्न उपस्थित केला. तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी सभागृहात उत्तर दिले, की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या. चौकशीसाठी समिती नेमण्याचेही त्यांनी जाहीर केले. पुढे नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने अहवाल दिला. जिल्ह्यातील ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांतील १३ हजारांहून अधिक महिलांचे गर्भाशय काढलेले आढळले. खासगी रुग्णालयांनी अशी शस्त्रक्रिया करण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी, असा निर्बंध जिल्ह्यात आला.

याने ऊसतोडीचे दुःख संपले असे कोणी म्हणणार नाही. उचल अजून आहे, खाडा अजून आहे. पण जी गोष्ट कुजबुजीत होती तिला सरकारी आकडा मिळाला, आणि तो आकडा आता कोणाला नाकारता येत नाही. आणि हा प्रश्न वरच्या, 'कमी अधिकाराच्या' म्हटल्या जाणाऱ्या सभागृहात विचारला गेला होता. परिषद सरकार पाडू शकत नाही. सरकारकडून उत्तर मात्र घेऊ शकते.

कायदा कसा होतो

विधेयक आधी सभागृहात मांडले जाते. मग त्याच्या तत्त्वावर चर्चा होते, त्यानंतर एकेका कलमावर चर्चा व दुरुस्त्या होतात आणि शेवटी पूर्ण विधेयक मतास टाकले जाते. विषय गुंतागुंतीचा असेल तर दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे ते जाते. एका सभागृहात मंजूर झाले की दुसऱ्यात तोच प्रवास होतो. नंतर राज्यपालांची संमती लागते. काही विधेयके राष्ट्रपतींकडे पाठवली जातात. संमती मिळून राजपत्रात छापल्यावरच कायदा होतो. महिलांवरील अत्याचारांसाठीचे 'शक्ती' विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर झाले, ते राष्ट्रपतींच्या संमतीसाठी गेले आणि कायदा झालाच नाही. त्यामुळे 'विधेयक मंजूर' ही बातमी वाचून 'कायदा झाला' असे समजू नये.

बीडच्या मातीशी जोडलेला एक कायदा मात्र शेवटपर्यंत पोहोचला. १९७२ चा दुष्काळ आपल्या भागातील वृद्धांना अजून आठवतो: खडी फोडणे, पाझर तलावाची माती वाहणे, कामावर मिळणारी सुकडी. मागेल त्याला काम देणे ही सरकारची जबाबदारी असावी, ही कल्पना वि. स. पागे यांनी मांडली होती. ते १९६० पासून १९७८ पर्यंत विधानपरिषदेचे सभापती होते. सांगली जिल्ह्यातील विसापूर इथे १९६५ मध्ये तिचा पहिला प्रयोग झाला. दुष्काळात ती राज्यभर पसरली. १९७७ मध्ये विधिमंडळाने रोजगार हमीचे विधेयक मंजूर केले आणि २६ जानेवारी १९७९ पासून कायदा लागू झाला. २००५ मध्ये केंद्राने देशभरासाठी असा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचाच अनुभव समोर होता.

या योजनेला पैसा कुठून आणायचा, हेही विधिमंडळानेच ठरवले. १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला. आजही शिक्षक, बँक कर्मचारी, कारकून यांच्या पगारपत्रकात दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये, असे वर्षाला २,५०० रुपये कापले जातात. अनेकांना ही कपात कशाची हे ठाऊक नसते. तिचे मूळ दुष्काळात खडी फोडणाऱ्या माणसाला काम देण्यात आहे. शहरातल्या पगारदाराने गावातल्या मजुराचा भार थोडा उचलावा, असा हा हिशेब होता, आणि तो सभागृहात चर्चा करून ठरला होता.

जे मांडले गेले नाही

आता दुसरी बाजू. अधिवेशन चालू नसेल आणि तातडी असेल तर राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने अध्यादेश काढतात. त्याला कायद्याइतकेच बळ असते, पण आयुष्य थोडे असते. अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत विधेयक मंजूर करून त्याची जागा भरली नाही, तर अध्यादेश आपोआप संपतो. तो रद्द करावाही लागत नाही.

जुलै २०१४ मध्ये तत्कालीन राज्य सरकारने अध्यादेश काढून मराठा समाजाला १६ टक्के आणि मुस्लिम समाजातील मागास घटकांना ५ टक्के आरक्षण दिले. ऑक्टोबरमध्ये निवडणुका होऊन नवे सरकार आले. नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मराठा आरक्षणाला स्थगिती दिली. मुस्लिम आरक्षणात नोकरीच्या भागाला स्थगिती मिळाली, शिक्षणाचा भाग मात्र न्यायालयाने चालू ठेवला. डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनात मराठा आरक्षणाचे विधेयक आले आणि मंजूर झाले. मुस्लिम आरक्षणाचे विधेयक आले नाही. सहा आठवडे पूर्ण झाले आणि अध्यादेश संपला. प्रवेशासाठी जातीचे दाखले काढायला तहसीलला चकरा मारणाऱ्या घरांना याचा अर्थ पुढच्या वर्षी कळला.

विधेयक मंजूर झाले असते तर आरक्षण टिकलेच असते, असे छातीठोक सांगता येणार नाही. न्यायालयाची कसोटी होतीच. मराठा समाजासाठी २०१८ मध्ये झालेला कायदाही सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०२१ रोजी रद्द केला. पण न्यायालयात हरणे वेगळे आणि सभागृहात मांडलेच न जाणे वेगळे. पहिल्यात निकालपत्र असते, कारणे असतात, पुढची वाट दिसते. दुसऱ्यात फक्त तारीख उलटून जाते. म्हणून कोणत्याही पक्षाने अध्यादेशाची बातमी दिली की पेढे वाटण्याआधी एक प्रश्न विचारावा: विधेयक कधी येणार?

समित्या: खरे काम बंद दाराआड

टीव्हीवर आपल्याला गोंधळ दिसतो, घोषणा दिसतात. बरेचसे शांत काम समित्यांमध्ये होते आणि तिथे वेगवेगळ्या पक्षांचे सदस्य एकत्र बसतात. लोकलेखा समिती सरकारने खर्च केलेल्या पैशाचा हिशेब तपासते. अंदाज समिती, सार्वजनिक उपक्रम समिती, रोजगार हमी योजना समिती, महिला व बालकांच्या हक्कांची समिती अशा अनेक समित्या आहेत. अल्पसंख्याक कल्याण समितीही आहे. या समित्या जिल्ह्यांचे दौरे करतात, अधिकाऱ्यांना समोर बसवून विचारतात आणि अहवाल सभागृहाला देतात. वसतिगृह, शिष्यवृत्ती, मौलाना आझाद महामंडळाचे कर्ज यांविषयीची गाऱ्हाणी मांडायची ही योग्य जागा आहे. समिती जिल्ह्यात येणार असेल तर बातमी छोटी येते. ती शोधून वाचावी.

विनंती अर्ज समिती तर सामान्य माणसासाठीच आहे. आमदाराच्या मार्फत नागरिकांचा अर्ज सभागृहासमोर ठेवता येतो.

भाषेची भीतीही बाळगू नये. विधिमंडळाचे काम मराठीत चालते, हिंदी आणि इंग्रजीतही बोलता येते. एखाद्या सदस्याला या भाषांत नीट मांडता येत नसेल तर अध्यक्षांच्या परवानगीने तो मातृभाषेत बोलू शकतो. राज्यघटनेच्या २१० व्या कलमात तशी तरतूद आहे. तरी आपल्या मुलांचे मराठी पक्के असावे हेच हिताचे. ज्या भाषेत कायदा छापला जातो ती वाचता आली पाहिजे.

घरातून काय करता येईल

पहिली गोष्ट मताची. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत मालेगाव मध्यचा निकाल १६२ मतांनी लागला. एका मोठ्या मोहल्ल्यातील दोन गल्ल्या मतदानाला गेल्या नसत्या तर निकाल फिरला असता. "माझ्या एका मताने काय होते," हे वाक्य त्यानंतर कोणी बोलू नये.

दुसरी गोष्ट पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांची. संपूर्ण मराठवाड्यासाठी दोन्ही मिळून दोनच आमदार निवडले जातात. आपल्या घरांत आता बीए, बीकॉम, बीएस्सी झालेल्या मुली आणि सुना आहेत, पण त्यांतील फार थोड्यांची नावे पदवीधरांच्या यादीत असतात. नेहमीच्या मतदार यादीत नाव आहे म्हणजे इथेही आहे, असे नसते. ही यादी दर निवडणुकीला नव्याने तयार होते. १ नोव्हेंबर या तारखेपूर्वी पदवी मिळून तीन वर्षे झालेली असावीत आणि नमुना १८ मध्ये अर्ज द्यावा, सोबत पदवीचा पुरावा जोडावा. माध्यमिक शाळेत किंवा त्यावरच्या वर्गांना मागील सहा वर्षांत किमान तीन वर्षे शिकवलेल्यांनी नमुना १९ भरावा. मतदानाची पद्धतही वेगळी आहे: शिक्का मारायचा नाही, उमेदवारासमोर १, २, ३ असा पसंतीक्रम लिहायचा, आणि तोही मतदान केंद्रावर दिलेल्या पेननेच. शिकलेल्या माणसांची मतेही इथे बाद होतात, ती याच कारणाने.

तिसरी गोष्ट मुलींसाठी. २०२३ च्या घटनादुरुस्तीने लोकसभा आणि विधानसभांमध्ये एक तृतीयांश जागा महिलांसाठी राखीव ठरल्या आहेत. जनगणना आणि मतदारसंघांची पुनर्रचना झाल्यावर ती तरतूद लागू होईल. म्हणजे आज नववी-दहावीत शिकणाऱ्या मुली उमेदवारीच्या वयाला येतील तेव्हा दार अधिक उघडे असू शकेल. तोपर्यंत त्यांना सभागृहाचे कामकाज पाहण्याची सवय लावता येईल. अधिवेशनाच्या दिवसांत थेट प्रक्षेपण असते आणि विधिमंडळाच्या संकेतस्थळावर कामकाज वाचायला मिळते.

चौथी गोष्ट सर्वांत सोपी आणि सर्वांत दुर्लक्षित. आमदाराकडे फक्त कामाचा अर्ज नेऊ नका, प्रश्नही न्या. मात्र "आमच्याकडे लक्ष द्या" हा प्रश्न होत नाही. त्याला "लक्ष दिले जात आहे" असेच उत्तर येते. प्रश्नात गाव किंवा तालुका हवा, वर्ष हवे आणि आकडा मागितलेला हवा. उदाहरणार्थ: जिल्ह्यातील उर्दू माध्यमाच्या शाळांत मंजूर शिक्षकपदे किती, त्यांतील रिक्त किती, किती वर्षांपासून, आणि ती भरण्याची कार्यवाही कोणत्या टप्प्यावर आहे? किंवा: मागील तीन वर्षांत तालुक्यातील किती विद्यार्थ्यांचे शिष्यवृत्तीचे अर्ज नाकारले गेले आणि कोणत्या कारणाने? किंवा: ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या किती मुलांसाठी हंगामी वसतिगृह सुरू झाले आणि ते कोणत्या महिन्यात सुरू झाले?

असा प्रश्न एका कागदावर लिहून, खाली मोहल्ल्यातील पन्नास जणांच्या सह्या घेऊन, अधिवेशन सुरू होण्याच्या दीड-दोन महिने आधी आमदारांच्या कार्यालयात द्यावा आणि पोच घ्यावी. विधानसभेच्या आमदारांनी घेतला नाही तर शिक्षक किंवा पदवीधर आमदारांकडे द्यावा. तेही आपलेच आहेत. अधिवेशन संपल्यावर पुन्हा जाऊन दोनच गोष्टी विचाराव्यात: प्रश्न लागला का, आणि उत्तर काय आले. उत्तराची प्रत मागून घ्यावी आणि शाळेच्या, मशिदीच्या किंवा ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी, म्हणजे पुढच्या अधिवेशनात कोणता उपप्रश्न विचारायचा हे सगळ्यांना दिसेल.